घाटात संपणारे त्राण : सायकलस्वारांच्या भुकेचा इतिहास

सायकलवर लांबचा पल्ला मारताना, त्यातही चढावर, कधीकधी अंगातले त्राण एकाएकी जाते. पाय शिशासारखे जड होतात, हातांना कंप सुटतो, थंड घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. थोड्या वेळापूर्वी सगळ्यांच्या बरोबरीने पायडल मारणारा स्वार रस्त्याच्या कडेला सायकल टाकून बसतो. हे साधे दमणे नव्हे. दमलेला माणूस वेग उतरवून पुढे जात राहतो. इथे वेग उतरवूनही निभत नाही. स्वभावही बदलतो. माणूस विनाकारण चिडतो, रडवेला होतो, अजून किती किलोमीटर उरले याचा साधा हिशेब त्याला जमत नाही. फ्रेंच सायकलस्वार या अवस्थेला ‘फ्रिंगाल’ म्हणतात, इंग्रजी बोलणारे ‘बाँक’, आणि पुण्या-मुंबईच्या सायकल गटांतही ‘बाँक झाला’ असेच ऐकू येते. तिचे कारण विज्ञानाला पुरते उलगडायला विसावे शतक बरेच सरावे लागले. तिच्यावरचा उपाय मात्र फ्रान्समधल्या एका सायकल दुकानदाराला प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी सापडला होता, आणि शर्यतींच्या जगाने त्याच्याकडे बराच काळ लक्ष दिले नाही.

कारण थोडक्यात असे आहे. शरीरात इंधनाचे दोन मोठे साठे असतात, चरबी आणि ग्लायकोजेन. चरबीचा साठा सडपातळ माणसातही कित्येक दिवस पुरेल इतका असतो. पण ती सावकाश जळते. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर. ती स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे सगळी मिळून सुमारे २००० किलोकॅलरी. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना चरबी बराचसा भार उचलते. चढ लागला आणि श्वास फुलला की शरीर मुख्यतः साखरेवर चालू लागते. स्नायूंतली साखर संपली की पाय चालत नाहीत. यकृतातली संपत आली की रक्तातली साखर उतरते आणि मेंदूची उपासमार सुरू होते. अंधारी, गोंधळ आणि रडू येते ते यामुळे.

सायकलच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. १८९१ मध्ये पॅरिसच्या ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राने पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत परतला आणि पहिला आला. १९०३ मध्ये ‘लोतो’ या क्रीडा वृत्तपत्राचा संपादक आँरी देग्रांज याने ‘तूर द फ्रान्स’ सुरू केली. तिचा पॅरिस ते लियाँ हा पहिला टप्पाच ४६७ किलोमीटरचा होता. साठ जण निघाले, एकवीस जण शेवटपर्यंत पोचले. विजेता मोरिस गारँ लहानपणी धुराडी साफ करणारा मजूर होता. त्या पिढीचे खाणे आडमाप असे. मटणाचे तुकडे, उकडलेली अंडी, साबुदाण्याची लापशी, तांदळाची खीर, गरम चॉकलेट आणि सोबत वाइन, असे सगळे चालत्या शर्यतीत पोटात जाई. ताकद मांसातून येते ही समजूत पक्की होती. तरीही त्या यादीतल्या खिरीने, साबुदाण्याने आणि चॉकलेटने आपले काम केलेच असणार. श्रेय मात्र मटणाला जाई.

मांसाबद्दलच्या या समजुतीमागे मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असे मांडले होते की स्नायू काम करताना स्वतःचीच प्रथिने जाळतात. हे मत खोटे ठरले तेही एका चढावरच. १८६५ च्या ऑगस्टअखेर आडॉल्फ फिक आणि योहानेस विसलिसेनुस हे दोघे प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर चढले. आधीच्या दिवसापासून त्यांनी प्रथिने पूर्ण बंद केली होती. पिठूळ स्टार्चच्या तळलेल्या वड्या, साखर आणि चहा एवढ्यावर ते जवळजवळ २००० मीटरची उंची पायी चढले. वाटेत आणि नंतर त्यांनी स्वतःची लघवी जमवून तिच्यातला नायट्रोजन मोजला. तेवढ्या नायट्रोजनवरून जळालेल्या प्रथिनांचा जो हिशेब निघाला, त्यातून अंगाचे वजन डोंगरमाथ्यावर नेण्याइतकी ऊर्जा निघणे शक्यच नव्हते. म्हणजे चढाचे इंधन दुसरेच काही होते. त्याच्या काही वर्षे आधी, १८५७ मध्ये, क्लोद बेर्नार याने यकृतातून ग्लायकोजेन वेगळे काढले होते. कोड्याचे दोन्ही तुकडे असे समोरच होते. ते जुळवून सायकलस्वाराच्या ताटापर्यंत आणायला पुढे शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात शर्यती उंच डोंगरांत शिरल्या. १९१० मध्ये देग्रांजचा सहकारी आल्फाँस स्तेनेस पिरेनीज पर्वतातला तूर्माले हा २११५ मीटर उंचीचा घाट पाहायला गेला आणि बर्फात अडकून मरता मरता वाचला. तरीही रस्ता उत्तम असल्याची तार त्याने पॅरिसला केली. त्याच वर्षी २१ जुलैला ल्युशाँ ते बायोन या ३२६ किलोमीटरच्या टप्प्यात पेयरसूर्द, आस्पँ, तूर्माले आणि ओबिस्क हे घाट एकामागून एक आले. ओक्ताव्ह लापीझ याने तूर्मालेचा काही भाग सायकल ढकलत पार केला. न उतरता तो चढणारा एकटा गुस्ताव्ह गारिगू. त्याबद्दल त्याला शंभर फ्रँकचे बक्षीस मिळाले. ओबिस्कवर फ्रांस्वा लाफुर्काद पहिला आला तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकेही भान त्याला नव्हते. मागून आलेल्या लापीझने संयोजकांना तोंडावर ‘खुनी’ म्हटले. पुढे टप्पाही त्यानेच जिंकला आणि त्या वर्षीची शर्यतही. लाफुर्कादच्या त्या मुक्या चेहऱ्याला भूक किती आणि श्रम किती कारण होते हे आता ठरवता येणार नाही. मात्र ज्या परिस्थितीत साखर हमखास संपते ती त्या टप्प्यात संयोजकांनी पुरेपूर निर्माण केली होती.

या परिस्थितीत सायकलचाही वाटा होता. देग्रांजला गिअर बदलण्याची यंत्रणा मान्य नव्हती. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी ती वापरावी असे त्याचे मत होते, आणि तूरच्या स्पर्धकांना ती थेट १९३७ मध्ये मिळाली. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या दातेरी चक्रावर चढ चढायचा, एवढीच सोय होती. तो गिअरही आजच्या मानाने फारच जड. जड गिअरवर प्रत्येक पायडलला जोर लावावा लागतो. असा जोर लावणारे स्नायुतंतू साखर झपाट्याने संपवतात. देग्रांजच्या लेखी शर्यत ही पौरुषाची परीक्षा होती आणि स्पर्धकाने कोणाची मदत न घेता झुंजायचे होते. १९१३ मध्ये तूर्मालेच्या उतारावर एजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा दांडा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीपर्यंत चालत गेला आणि स्वतःच्या हातांनी त्याने दांडा जोडला. एका पोराने भाता ओढून मदत केली म्हणून त्याला वर दंडही झाला. अशा नियमांच्या जगात वाटेत गळून पडणारा स्वार कच्च्या मनाचा ठरत होता. त्याच्या पोटात काय आहे हा प्रश्न कोणी विचारत नव्हते.

तो प्रश्न विचारला पॉल द व्हिव्ही याने. जन्म १८५३ चा. मूळ धंदा रेशमाचा. पुढे तो सँतेत्येन या औद्योगिक शहरात सायकली विकू लागला आणि १८८७ पासून त्याने सायकलीला वाहिलेले मासिक चालवले. त्यात तो ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिही. शहराबाहेर पडताच ११६१ मीटर उंचीचा रेप्युब्लिक घाट लागतो. हा घाट म्हणजे त्याची प्रयोगशाळा होती. वेगवेगळे गिअर, वेगवेगळे टायर, वेगवेगळे खाणे घेऊन तो त्याच चढावर पुन्हा पुन्हा जाई आणि निष्कर्ष मासिकात छापी. रात्रभर सायकल चालवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत न थांबता प्रवास करणे ही त्याची आवडती पद्धत. या लांब प्रवासांत मांसाने अंग जड होते आणि भात, पाव, फळे, दूध यांवर पाय चालत राहतात, असे त्याला अनुभवाने दिसले. तो शाकाहारी झाला.

त्याने सायकलस्वारांना सांगितलेले सात नियम फ्रान्समध्ये आजही सायकल पर्यटनाचे मूळ मानले जातात. त्यांतले निम्मे या एकाच दुखण्याबद्दल आहेत. थांबे थोडे आणि छोटे ठेवावेत. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे. खाणे थोडे पण वारंवार असावे. भूक आणि झोप उडेल इतके कधीच थकू नये. प्रवासात वाइन, मांस आणि तंबाखू टाळावे. जोर लावून चढू नये, पहिल्या काही तासांत तर नाहीच. आणि केवळ मानापायी पायडल मारू नये. ‘भूक लागण्याआधी’ या अटीतच खरी मेख आहे. भूक जाणवते तेव्हा साठा बराच उतरलेला असतो. त्यानंतर खाल्लेले पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि घाट तोवर थांबत नाही. ग्लायकोजेनची मोजणी हातात नसताना केवळ निरीक्षणावर या टोकापर्यंत पोचणे ही मोठी गोष्ट होती.

मानापायी पायडल मारू नये हा नियम एकट्या स्वाराला फारसा लागत नाही. तो गटासाठी आहे. व्हेलोसिओभोवती शिष्यांचा मोठा मेळा जमला होता, आणि गटात काय घडते ते तो जवळून पाहत होता. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला राहिले की वाऱ्याचा भार बराच हलका होतो. कमजोर स्वारही जोमदारांच्या वेगाने आरामात जातो आणि स्वतःच्या ताकदीबद्दल गैरसमज करून घेतो. चढ लागताच वेग उतरतो, आडोशाचा फायदा जवळपास संपतो, प्रत्येकाला आपले वजन आपणच वर न्यावे लागते. मागे पडायला नको म्हणून कमजोर स्वार धापा टाकत चिकटून राहतो. पुढचे लोक ज्या वेगाला अर्धी ऊर्जा चरबीतून मिळवत असतात त्याच वेगाला त्याची सगळी भिस्त साखरेवर असते. खिशातले खाणे काढायला हात मोकळा नसतो, आणि थांबा म्हणायला तोंड उघडत नाही.

या अडचणीवर दुसरा तोडगा इटलीतून आला. १८९७ मध्ये काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला एका दिवसात गेले आणि स्वतःला ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, म्हणवून घेऊ लागले. १९०४ मध्ये देग्रांजनेच ही प्रथा फ्रान्समध्ये आणली. तिचा नियम असा की सगळ्या गटाने ठरलेल्या वेगाने, एकत्र जायचे आणि पुढे चालणाऱ्या कप्तानाला कोणी ओलांडायचे नाही. खाण्याचे थांबेही ठरलेले. शर्यतीत स्वारांना मुद्दाम एकटे पाडणाऱ्या माणसाने हौशी लोकांसाठी मात्र कोणी मागे पडणार नाही अशी व्यवस्था उचलून धरली, ही त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू. १९२१ मध्ये या चळवळीत फूट पडली आणि ऑडॅक्स क्लब पारिसियँने ज्याने त्याने आपल्या वेगाने जाण्याची ‘ब्रेव्हे’ पद्धत सुरू केली. आज जगभर चालणाऱ्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे तिच्यातून आल्या.

प्रयोगशाळा जागी झाली ती १९२० च्या दशकात. इन्शुलिन नुकतेच सापडले होते आणि रक्तातली साखर एकदम उतरली की माणसाचे काय होते हे डॉक्टर पहिल्यांदा जवळून पाहत होते. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंचे रक्त तपासले. अगदी गळून गेलेल्यांची साखर फार खाली होती, आणि त्यांची लक्षणे इन्शुलिन जास्त झालेल्या रुग्णांसारखी होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय जेवण आणि धावताना साध्या गोळ्या-चॉकलेटे दिली. साखर टिकली, माणसेही टिकली. १९३९ मध्ये कोपनहेगनला क्रिस्टेन्सन आणि हान्सन यांनी जागेवर बसवलेल्या सायकलीवर हीच गोष्ट नीट मोजून दाखवली. भात-पाव-बटाट्यासारख्या आहारावर माणसे बरीच जास्त वेळ पायडल मारू शकली, आणि पूर्ण थकलेल्या माणसाला ग्लुकोज दिल्यावर तो पुन्हा सुरू झाला.

स्नायूंच्या आत डोकावणे १९६० च्या दशकात शक्य झाले. स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉमने मांडीतून स्नायूचा इवलासा तुकडा काढता येईल अशी सुई वापरात आणली. १९६६ मध्ये त्याने आणि एरिक हुल्टमनने स्वतःवरच प्रयोग केला. एका सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले. प्रत्येकाने एकाच पायाने, तो पाय पुरता थकेपर्यंत, पायडल मारले. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. राबलेल्या पायातले ग्लायकोजेन जवळजवळ शून्यावर आले, स्वस्थ पायातले होते तसेच राहिले. नंतरचे तीन दिवस त्यांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला, तेव्हा राबलेल्या पायातला साठा दुसऱ्या पायाच्या दुपटीच्या घरात गेला. एकाच माणसाचे दोन पाय शेजारी ठेवल्यावर वादाला जागाच उरली नाही. १९८६ मध्ये टेक्सासमध्ये एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कसलेले सायकलस्वार नुसत्या पाण्यावर सुमारे तीन तासांत संपतात आणि वाटेत साखर घेत राहिले तर त्याच वेगाने चार तास टिकतात. २००० नंतर असेही दिसले की ग्लुकोजच्या जोडीला फ्रुक्टोज घेतले तर आतडे जास्त साखर पोचवू शकते. त्यामुळे तासाला ६० ग्रॅम ही जुनी शिफारस लांब पल्ल्यासाठी ९० ग्रॅमपर्यंत गेली.

शर्यतींचा रिवाज याच्या मागूनच चालत राहिला. खाण्याच्या ठरलेल्या जागी गळ्यात अडकवायची कापडी झोळी मिळे. तिच्यात छोटे पाव, फळे, साखरेचे खडे, भाताच्या वड्या, कधी कोंबडीची तंगडी असे. पाणी मात्र कमीच प्यावे असे प्रशिक्षक कित्येक दशके सांगत राहिले. तहानलेले साहाय्यक स्वार वाटेतल्या कॅफेत घुसून हाताला येतील त्या बाटल्या उचलून नेत. लुई मालच्या १९६२ च्या लघुपटात हे दृश्य टिपलेले आहे. जाणकारांच्या जगातही साखर संपतच राहिली. १९९६ मध्ये सलग पाच वेळा तूर जिंकलेला मिगेल इंदुराइन लेझ आर्कच्या चढावर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये गळला. त्याने चार मिनिटांहून अधिक वेळ गमावला, आणि बंदी असलेल्या भागात बाटली घेतल्याबद्दल २० सेकंदांचा दंडही भरला. सहावी तूर त्याला मिळाली नाही. २०१३ मध्ये आल्प द्युएझचा चढ एकाच दिवसात दोनदा होता. दुसऱ्या वेळी आघाडीवरच्या ख्रिस फ्रूमला साखर उतरल्याचे जाणवले. त्याचा संघसहकारी रिची पोर्ट मागे जाऊन संघाच्या गाडीतून जेल घेऊन आला. दोघांनाही २० सेकंदांचा दंड झाला आणि फ्रूमने तो आनंदाने सोसला असणार, कारण शर्यत त्याच्याकडेच राहिली.

महाराष्ट्रात या सगळ्याची परीक्षा बोरघाटात होते. मुंबई-पुणे सायकल शर्यत याच घाटातून जाते, आणि पावसाळ्यात रविवारी हौशी गटही. मुंबईहून खोपोली सुमारे ७५ किलोमीटर, बहुतेक सपाट, गटाच्या आडोशाने झटपट सरणारे. खोपोलीनंतर शिंगरोबाच्या देवळावरून रस्ता लोणावळ्याकडे साधारण ५५० मीटर चढतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन एवढ्या उंचीवर न्यायला शरीराला जवळपास ५०० किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात, आणि चढावर त्यातला मोठा भाग साखरेचा असतो. पहाटे नुसता चहा घेऊन निघालेला आणि खोपोलीपर्यंत काही न खाल्लेला माणूस देवळापाशीच का बसतो, हे या हिशेबात दिसते. ब्रेव्हे करणारी मंडळी म्हणून खिशात केळी, खजूर, राजगिऱ्याची वडी, चिक्की ठेवतात. चिक्कीसाठी प्रसिद्ध असलेले गाव घाटाच्या माथ्यावर आहे, पण चिक्की खायची वेळ पायथ्याची आहे. अर्ध्या-पाऊण तासाला दोन घास हा व्हेलोसिओचाच नियम, आणि आजचे शास्त्रही तेच सांगते.

गटातला कोणी गळलाच तर त्याला धीर देत वर ओढू नये. सायकलवरून उतरवून सावलीत बसवावे, ग्लुकोजचे पाणी, सरबत किंवा केळे द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. अंग गार पडत असेल तर काहीतरी पांघरावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ रुग्णवाहिका बोलवावी. बरा वाटू लागला तरी पुढचा उतार त्याला एकट्याने उतरू देऊ नये. साखर उतरलेल्या मेंदूला ब्रेकचा अंदाज उशिरा येतो.